माहेरचा नारळ

सगुणा : चहा घे आधी. मंग सांग, उद्या त्या हॉटेलवाल्यांसमोर मी काय काय खोटं बोलायचं ते.

प्रणय : खोटं कशाला, आत्या? एवढंच सांग की माझी कंपनी तुझ्या या पडवीत सुरू झाली आणि पहिलं गिऱ्हाईक तू. लोक इंटरनेटवर तुझ्या खोल्यांबद्दल जे लिहितात, त्याला तुझ्या नावानं आम्ही उत्तर देतो. तेव्हापासून एक खोली रिकामी राहिली नाही.

सगुणा : राह्यलीय. मागची.

प्रणय : बुकिंग नाही? हेमाली, कंपनीची सिस्टिम तुझ्याकडे असते, बघ ना जरा.

हेमाली : बुकिंग कसं येईल? आत्यांनीच बंद ठेवलीये.

सगुणा : सुचिताची हाय ती. दर साली सुपारीच्या दिवसांत येते. यंदा आली न्हाय.

प्रणय : ती पुण्याची, बँकेतली?

सगुणा : व्हय. आईबाप दोघं गेलेले. पहिल्या खेपेला निघाली तेव्हा मी तिची ओटी भरली, तर रिक्षात बसून रडली पोर. घरी जाऊन तिनं लिवलं. तू तिथं त्या खांबाला टेकून बसला होतास. म्हणालास, आत्या, काय उत्तर देऊ? मी तांदूळ निवडत होते.

प्रणय : आणि तू म्हणालीस, 'नारळ माहेरचा समज, आणि दार आपलं समज.' कसा विसरेन? त्या ओळीनं तर आपण वर आलो.

सगुणा : तीच ओळ तिला हरिहरेश्वरात एका हॉटेलच्या उत्तरात भेटली. हापिसच्या माणसांबरोबर तिथं उतरली होती. मंग शोधायला लागली. दिवेआगरात तीच, काशीदला तीच, पार मालवणात तीच. मला फोन करून म्हणाली, 'आत्या, मला वाटलं ते मला लिहिलंत.' रागावली असती तर बरं झालं असतं. हसली.

हेमाली : ओळ सिस्टिमनं उचलली, आत्या. ज्या उत्तरानं गिऱ्हाईक परत येतं, ते सिस्टिम बाकीच्यांना पण सुचवते. मालक लोक वाचत पण नाहीत, ओके दाबतात.

प्रणय : हे सगळं आत्ता सांगायलाच हवं का?

हेमाली : ओळ त्यांची आहे, प्रणय.

सगुणा : अजून ऐक. परवा ठाण्याची चार माणसं निघाली, पण गाडीत बसेनात. म्हटलं, काय विसरलं का? तर म्हणे, नारळ. तुमच्याकडे देतात असं लिहिलंय. त्यात एक बाप्या, ह्या एवढाल्या मिशा, त्यानं पण हात पुढं केला. म्हटलं, तुमची पण ओटी भरू का?

(हेमालीला हसू आवरेना. प्रणयनं कप बशीत ठेवला, चहा अर्धा असताना.)

प्रणय : आत्या, तुझं पटतंय मला. पण उद्याचे लोक त्या ओळीसाठीच येतायत. डहाणूपासून गोव्यापर्यंत हॉटेलं आहेत त्यांची. 'माहेर' नावाची स्कीमच काढायची म्हणतात. जमलं तर बेलापूरच्या ऑफिसला तिसरा मजला. नाही जमलं तर आहेत ते दोन पण जड जातील. माणसं घेऊन ठेवलीत मी.

सगुणा : काम हाती यायच्या आधी?

प्रणय : वाढायचं तर तसंच करावं लागतं.

सगुणा : वाढ ना. मी कुठं तुझा हात धरला? बेलापूरला गेलास तेव्हा सगळ्या आळीत पेढे मीच वाटले. हे घर तुझ्यामुळं पक्कं झालं, ते पण विसरले न्हाय.

प्रणय : मग काय करू, तूच सांग.

सगुणा : नारळ घे. नारळ बाजारात मिळतो, कुणी पण द्यावा. माहेर तेवढं काढ त्यातून.

प्रणय : नुसत्या नारळाला कोण विचारतं, आत्या?

सगुणा : बघ, तुला पण कळतंय.

हेमाली : ती ओळ ब्लॉक केली की सिस्टिम आजपासून कुठंच सुचवणार नाही. उद्या बाकीचं काम दाखवू. लोक लिहितात त्यावरून कुठल्या हॉटेलात काय बिघडलंय ते मालकाच्या आधी आपल्याला कळतं, ते विकण्यासारखं नाही का?

प्रणय : त्यात तिसरा मजला नाही येणार.

सगुणा : दोन टिकले तरी पेढे वाटीन.

प्रणय : तुझं काय जातं, पेढे पण माझ्याच पैशाचे. काढ, हेमाली.

हेमाली : जुन्या उत्तरांतून पण?

प्रणय : सगळीकडून.

हेमाली : आणि सुचितानं लिहिलं होतं त्याच्या खालची? ती पहिली?

सगुणा : ती ऱ्हाऊ दे. ती तिची हाय.

प्रणय : तिला मी छान काहीतरी लिहून पाठवू का, तुझ्या नावानं?

सगुणा : नको बाबा. तुझं लिवणं लई छान असतं. फोन लाव नुसता. इकडं दे. ... सुचिता? मी आत्या, श्रीवर्धनातून. न्हाय गं, त्याबद्दल न्हाय. सुपारी सुकलीय आणि सोलायला हात न्हाईत, म्हणून केला. शनिवारी ये. ... व्हय, मागचीच खोली, दुसरी कुठली? आणि गेल्या साली लोणच्याची बरणी नेलीस माझी, ती आण येताना.