छातीतली कळ

रत्नागिरी स्टँडवर पूर्णगडच्या गाडीसाठी रांग होती. माझ्या पुढे दोन मासेवाल्या, रिकाम्या टोपल्या पायाशी ठेवून.

"गोदा, गुडघा बघ केवढा सुजलाय. एकशे आठला फोन कर गो. फुकट गाडी येते, दारातून उचलून नेते."

"केलेला एकदा, गणपतीच्या आधी."

"मग?"

"गुडघ्यासाठी कोण गाडी पाठवतो? छातीत कळ येते म्हणून सांगितलं. धावत आले बिचारे."

"बरं केलंस."

"बरं कसलं, हिरा! मी गाडीत नि इकडे आमच्या वाडीतल्या नेत्राला कळा सुटल्या. गाडी कुठची? बरफाच्या पेट्या उतरवून मासळीच्या टेम्पोत घातली तिला. अर्ध्या वाटेत बाळंत झाली."

"आई गो! नि पोर?"

"जगली. पण आठ दिवस काचेच्या पेटीत होती."

"तू काय बोललीस कोणाला?"

"काय बोलणार? जो भेटेल त्याला छातीचंच सांगत होते. गुडघ्याचं नाव काढलं नाय."

"नेत्राला तरी?"

"तिला खरं सांगायचं म्हणूनच गेले, पोर घरी आल्यावर. डिंकाचे लाडू नेलेले. पण दारातच उभी राहिले."

"मग गो?"

"तिनेच हाताला धरून आत नेलं. पोर माझ्या मांडीवर ठेवली नि म्हणाली, 'काकी, पाय लांब करून बसा. गुडघा दुखत असेल.'"