मामाची बोट आणि माझं ग्रीस

...नाही, मला एक सांगा, घरातली नासकी वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारायची आणि वर उपकार केल्यासारखं मिशीतून हसायचं, हे या म्हाताऱ्यांना शिकवतं कोण? तुम्हाला सांगतो, मे महिन्यात कॉलेज सोडून मी अलाबामात घरी परत आलो, आई माझ्याशी फक्त ताट वाढण्यापुरतं बोलत होती, आणि अशा वेळी आईचा थोरला भाऊ, आमचा थर्मनमामा, ज्याच्या भिंतीवर पेंढा भरलेले अकरा बास मासे तोंड वासून टांगलेत, तो ट्रकमागे बोट ओढत आला, अंगणात सोडली आणि म्हणाला, "एक उन्हाळा नीट सांभाळ हिला. सप्टेंबरच्या मासेमारीच्या स्पर्धेत तू माझा जोडीदार. बोट तुझीच आहे, बाळा."

आता जोडीदार म्हणजे काय, हे आमच्या तलावावर शेंबड्या पोरालाही कळतं. दोघं जण, एक बोट, पाच मासे, आणि संध्याकाळी अख्ख्या गावासमोर वजनकाट्यावर दोघांची नावं पुकारतात. ज्याच्याकडं बघून सगळे तोंड वाकडं करतात, त्याचं नाव काट्यावर! मी विरघळलो. गाढव, दुसरं काय.

तर ऐका, तुम्हीही कधी गाढव झालात तर उपयोगी पडेल. जुनी बोट मिळाली की आधी टाकीतलं पेट्रोल काढून टाका. वर्षभर पडलेलं पेट्रोल म्हणजे वार्निश! मी इंजिन चालू करायला गेलो तर ते खोकलं, शिंकलं आणि गप्प झालं. मामाला विचारलं. तो व्हरांड्यात गोड चहा ढवळत म्हणाला की आमच्या वेळी पेट्रोल नासायचं नाही. हो का? तुमच्या वेळी काहीच नासायचं नाही, सगळं साठवून ठेवलंत आमच्यासाठी!

मग पंखा. इंजिनाचा पाण्यात फिरणारा पंखा काढून मागं बघायचं, दर महिन्याला, विसरायचं नाही. तिथं गळाची दोरी गुंडाळलेली असते, ती रबरी सील कापते, पाणी आत शिरतं, आणि खालचं गिअरचं तेल दुधासारखं पांढरं होतं. मी बूच काढलं, तर अर्धा लिटर कॉफी मिल्कशेक! सहा वर्षांची दोरी होती मागं, नुसतं घरटं. मामा म्हणाला, "मला वाटलं, आवाज वयामुळं येतोय." कुणाच्या वयामुळं, ते नाही बोलला. आणि जाताना खांद्यावर थाप, "बोट तुझीच आहे, बाळा."

ट्रेलरच्या चाकांत ग्रीस भरा. हे तर गोंदवून घ्या हातावर. बोट तलावात उतरवताना चाकं दर वेळी पाण्यात बुडतात, बेअरिंग गंजतं, आणि मग हायवेवर तुमचंच चाक तुम्हाला ओव्हरटेक करून पुढं जातं. जातं म्हणजे काय, गेलं! मी बघितलं ना, एका गाईच्या कुरणात शिरलं. जुलैचं ऊन, मी रस्त्याच्या कडेला उताणा, कोपरापर्यंत ग्रीस, आणि मामा फोनवर मला काय शिकवतोय? चिकाटी! म्हणे कॉलेजात हीच कमी पडली तुझी. पण काळजी नको, बोट तुझीच आहे...

केलं हो सगळं. जून, जुलै, ऑगस्ट. बॅटऱ्या बदलल्या, तारा बदलल्या, पकडलेले मासे जिवंत राहावेत म्हणून त्यांच्या टाकीत पाणी खेळवणारा पंप नवा बसवला. बोट अशी पळायला लागली की आईसुद्धा खिडकीतून बघायला लागली. एकदा तर म्हणाली, "छान आवाज येतोय." तीन महिन्यांतलं तिचं सगळ्यात लांब वाक्य.

आणि स्पर्धेच्या दिवशी, सकाळी साडेपाचला, मी नवी टोपी घालून धक्क्यावर जातो, तर माझ्या जागेवर कोण? आमचे पाद्री ओडेल! गुडघ्यावर सॉसेज-बिस्किटांची पिशवी, चेहरा स्वर्गात जागा राखून ठेवल्यासारखा. मामा माझ्याकडं न बघता म्हणाला की पाद्रीसाहेबांनी शब्द टाकला, नाही कसं म्हणायचं, तू आज ट्रेलर सांभाळ. मी म्हटलं, ठीक, आयत्या वेळचं असेल. यादीवाल्या मिस व्हर्नेलकडं गेलो. ती चष्म्यावरून बघत म्हणाली, "आयत्या वेळचं कसलं, पोरा? हा फॉर्म मे महिन्यातला आहे."

मे महिन्यातला! म्हणजे अंगणात बोट सोडली, त्याच आठवड्यातला! मी तीन महिने ज्या खुर्चीचे स्क्रू आवळत होतो, ती आधीच पाद्र्याची होती. देवाच्या माणसाची!

दिवसभर काठावर बसलो. संध्याकाळी दोघं आले, पाच मासे, एकेक असा की लोकांनी शिट्ट्या मारल्या. मामाचा हात वर. मग मिस व्हर्नेलनं माशांच्या पिशवीत डोकावलं आणि पेन खाली ठेवलं. पाचही मेलेले. आमच्याकडं मासे जिवंत आणायचे, वजन करून परत तलावात सोडायचे. मेलेल्या प्रत्येकामागं वजन कापतात. पहिले होते, चौथे झाले. का मेले? मामानं दुपारी पंप बंद केला होता. म्हणे, फुकट बॅटरी खातो! चाळीस वर्षांचा अनुभव!

आणि तो काट्यापाशी उभा राहून, सगळ्या गावासमोर, शांतपणे काय म्हणाला असेल?

"पंप पोरानं बसवला होता. बोट त्याचीच आहे."

झालं. पुकारलं एकदाचं माझं नाव काट्यावर. पाद्री माझ्यासाठी प्रार्थना करतो म्हणाले. मामा चहा प्यायला गेला. आणि मी... मी काय करणार, बादली आणली. कारण मेलेल्या माशांचं पाणी टाकीत रात्रभर राहिलं की वास बोटीतल्या कार्पेटमध्ये मुरतो, तो मग जन्मात जात नाही. खायचा सोडा टाकून धुवा. ब्लीच चुकूनही नको, ते टाकीत राहतं आणि पुढच्या वेळचे मासे मरतात.

पुढच्या वेळचे... ऐकलंत ना, काय बोललो मी?