हरिहरअप्पांचा उजवा हात

...आणि वर ती मुलगी म्हणते काय, ‘अप्पा, जरा मनापासून करा ना.’ मनापासून! आता तुम्हाला सांगतो, हरिहरअप्पा म्हणजे उभा जन्म हापूसच्या कलमांत घालवलेला माणूस, दिवाळीनंतर अर्धांगाचा झटका आला, पाय सावरला, बोलणं सावरलं (ते थोडं मागे राहिलं असतं तरी बायकोची, म्हणजे उमाकाकींची, हरकत नव्हती), पण उजवा हात मनगटातून जो लोंबला तो लोंबलाच, आणि त्या हातासाठी हा माणूस एक दिवसाआड रिक्षाने मांडवीला दवाखान्यात जातोय, खुर्चीत बसतोय, हाताला चिकटपट्ट्या लावून घेतोय, तो काय गंमत म्हणून?

ती मुलगी म्हणजे सावनी. फिजिओथेरपिस्ट, मूळची देवरूखची, आवाज गोड आणि दयामाया अजिबात नाही. यंत्र तिचं. कोपराखाली दोन चिकटपट्ट्या, त्यांच्या वायरी यंत्रात, आणि समोर पडद्यावर एक रेघ. तुम्ही मनगट उचलायला गेलात की स्नायू जागा होतो, निदान कूस तरी बदलतो, आणि रेघ वर चढते. ती वरच्या खुणेला पोचली की यंत्र ‘टुंई’ करतं, करंट सोडतं आणि उरलेला हात उचलून देतं. अप्पा म्हणाले, ‘करंट आहे ना तुझ्याकडे? मग सोड की सरळ, मी कशाला मधे?’ तर म्हणे, ‘तसं नाही अप्पा, आधी तुम्ही, मग करंट. मनगट उभं राहिलं की बोटांना आपोआप जोर येईल.’ म्हणजे विहिरीवर पंप बसवायचा आणि पाणी आधी आपणच आत उतरून वर ढकलायचं. अप्पांनी दात आवळले, डोळे मिटले, कुलदैवताला हाक मारली... रेघ हलेल तर शपथ.

आणि हात हवा होता कशाला? कोणी म्हणे सहीला, कोणी म्हणे मोबाइलला. छे हो. जेवायला! डाव्या हातात चमचा धरून खायचं, आणि काय, तर कुळथाचं पिठलं-भात? चमच्याने कालवलेला भात म्हणजे भात नव्हे, औषध, असं अप्पा सगळ्यांना सांगायचे, पण ते वरवरचं. आतून त्यांना लाज वाटायची, खरी लाज. घरात कोणी आलं की ताट उचलून आत. देवळाच्या उत्सवाला दरवर्षी पहिल्या पंगतीत बसणारा माणूस, यंदा उमाकाकींना म्हणाला, ‘मी यायचा नाही. पोट बिघडलंय म्हणून सांग.’ उत्सवाला अजून महिना होता. महिनाभर आधी पोट बिघडलेला माणूस पाहिलाय तुम्ही?

तर एक दिवस त्या दवाखान्यात गंगाराम आला, शहाळं घेऊन. गंगारामची बाग अप्पांच्या बागेला लागून, आणि दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नाही. कशावरून? वानरांवरून! गंगाराम आपल्या बागेत फटाके लावायचा आणि अख्खी टोळी उठून यायची अप्पांच्या कलमांवर, मोहोर कुस्करायला. अप्पांचं म्हणणं, हा हुसकावत नाही, हा पाठवतो. पण आपल्याकडे कसं आहे, माणूस आजारी पडला की वैरी असला तरी विचारपूस करायला जावं लागतं. गंगाराम टेकला, घसा खाकरला, म्हणाला, ‘अप्पा, हाताची काय काळजी करू नका. बागेचीपण नको. वानरा सगली तुमच्याकडंच हायत, मी बघतो ना रोज.’

टुंई.

‘चल, हो बाजूला’ म्हणताना आपण मनगट वर झटकतो ना, तस्सा हात उडाला. उमाकाकींची पिशवी खाली पडली. अप्पा आपल्याच हाताकडे बघतायत, सावनी रेघेकडे बघतेय, आणि मग ती शांतपणे म्हणते, ‘काका, परत बोला.’

झालं. फवारणीचे दिवस, तरी गंगाराम दर खेपेला अप्पांबरोबर एकाच रिक्षात. ‘अप्पा, काल तुमच्या पायरी आंब्यावर पोराबालांसकट बसलीवती.’ टुंई. ‘माझ्याकडं एक नाय आला.’ टुंई. ‘माझा मोहोर यंदा बरा हाय.’ टुंई, टुंई! सावनी खूश. पण तुम्हाला सांगतो, दोन माणसं सारखी एका रिक्षात बसली की काय होतं? बोलतात. अप्पांना कळलं की बायको गेल्यापासून हा एकटाच राहतो, मुलगे मुंबईला. गंगारामला कळलं की अप्पांचा राखणदार केव्हाच पळालाय. दोघांनी मिळून एक राखणदार ठेवला, दोन्ही बागांना. गळ्यात गळे. आणि यंत्रावर? रेघ हलेल तर शपथ.

सावनी कपाळाला हात लावून म्हणते, ‘काका, भांडा ना.’

‘कशावरून?’

‘नेहमीचंच काहीतरी.’

गंगाराम बिचारा घाम पुसत म्हणाला, ‘अप्पा, तुमी लय वाईट.’ अप्पा म्हणाले, ‘खरं आहे रे बाबा.’ यंत्राला नाटक कळतं. रेघ हलेल तर शपथ.

उत्सव आला. ‘मी बसतो ना बाजूला’ म्हणत गंगारामने अप्पांना ओढून पंगतीला बसवलं. पान वाढलं, वरण-भात, वर तूप. अप्पांचा डावा हात खिशातल्या चमच्याकडे, मान खाली. ते बघून गंगारामच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि प्रेमाच्या भरात त्याने आपला हात सरळ अप्पांच्या पानात घातला. अख्ख्या पंगतीसमोर. ‘थांबा अप्पा, मी कालवून भरवतो.’

‘हो बाजूला!’

कुठलं यंत्र आणि कुठला करंट! उजवा हात उठला, गंगारामचा हात उडवला आणि थेट भातात पडला. अप्पांनी मनगट उभं धरलं, बोटं हलवली, भात कालवला. पहिला घास निम्मा सदऱ्यावर सांडला, निम्मा तोंडात गेला. उमाकाकी तुपाचं भांडं हातात धरून उभ्या उभ्या रडत होत्या.

सावनीला सांगितलं, तर म्हणते, ‘छान, असंच चालू ठेवा.’ चालू ठेवा म्हणजे काय, तर आता दोन्ही वेळा गंगाराम अप्पांच्या घरी जेवायला. तो भरवायला हात पुढे करतो, अप्पा झटकतात, मग जेवण सुरू. खरं म्हणजे हात आता एकटाही उठतो, मी पाहिलंय. पण गंगारामला ते कोणी सांगितलेलं नाही. अप्पा उमाकाकींना हळूच म्हणतात, ‘त्याला कळू देऊ नकोस हो. तिकडे एकटा काय शिजवणार आहे तो? फक्त पिठल्याची तळाची खरवड आधी त्याला वाढू नकोस.’

उमाकाकी त्यालाच वाढतात.