सहानंतरचा आकडा

नाव : नोंदवहीत लिहिल्याप्रमाणे. वय : ४६ वर्षे. धंदा : पुस्तकबांधणी. राहणार : छापखान्यामागची गल्ली, दुसरा मजला.

मी आज सोमवारी सकाळी ८ वाजता स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की,

"नावानं हाक मारली तर माणूस 'आलो' म्हणतो आणि येत नाही. आकडा म्हटला की पुढचा आकडा यावाच लागतो." हे वाक्य माझे पती अकरा वर्षांपूर्वी, पहिल्या सहलीला बसमधून उतरताना बोलले होते. रविवारी रानात चालायला जाणारा आमचा गट त्यांनीच सुरू केला. तेव्हापासून प्रत्येकाला कायमचा आकडा आहे. कुठूनही निघण्याआधी एकापासून मोजणी होते. माझा आकडा सहा. पतींचा सात होता.

पती मोजणीच्या वेळी कधीच जागेवर नसत. कुठेतरी शेवाळ नाहीतर एखादं पान बघत बसलेले असत. त्यांना कोणी बोलू नये म्हणून मी सहा म्हणून लगेच, आवाज जाड करून, सातही म्हणत असे. सगळ्यांना ते माहीत होतं. सगळे हसत. मग ते मागून धावत येत.

तीन वर्षांपूर्वी पती वारले. सात आकडा कोणी घेईना. आमच्यातले शिंपी, वय ६८, ज्यांना आम्ही मास्तर म्हणतो, त्यांचा आकडा तेरा होता. ते मला म्हणाले, "वहिनी, एक टाका सुटला की अख्खी शिवण उसवते. सात मी सांभाळतो. मालकी तुमचीच."

काल रविवारी सकाळी ७ वाजता आम्ही बाराही जण निघालो. पानगळीचे दिवस आहेत. वाटेवर घोट्याएवढी पानं होती. १२.३० ला धबधब्याशी पोहोचून डबे खाल्ले. माझ्या पाठपिशवीचा पट्टा उसवला होता. मास्तरांनी पाण्याकाठच्या दगडावर बसून तो शिवला. मी म्हटलं, "मास्तर, काळ्या पिशवीला निळा दोरा?" ते म्हणाले, "पाठीवर आहे, तुम्हाला कुठं दिसतंय? मागच्याला लांबून दिसू द्या."

१.३० ला निघताना मास्तर "सुयांची डबी राहिली, आलोच" म्हणून मागे वळले. तेवढ्यात गटप्रमुखानं मोजणी सुरू केली. ती टपाल कचेरीत कारकून आहे, वय २९, आम्ही तिला शिट्टी म्हणतो. पाचवा बोलला. मी सहा म्हटलं आणि सातही म्हटलं. आवाज जाड केला होता का, असं साहेबांनी विचारलं. हो, केला होता.

पाण्याच्या आवाजात कोणाच्या लक्षात आलं नाही. मोजणी बारावर पूर्ण झाली, शिट्टीनं वहीत बारा लिहिले. तिनं नियम पाळला. चूक माझी आहे. ती रात्रभर बाहेर बाकावर बसली आहे, तिला घरी पाठवावं.

उतरताना मी मागे वळून पाहिलं नाही. पानं वाजत होती, त्यामुळे मागे कोणीतरी आहे असं धरून चालले. मी दोनदा बोलले. एकदा दगड निसरडा आहे म्हणून, एकदा उगाच. उत्तर आलं नाही. मला त्यात वावगं वाटलं नाही. माझे पती चालताना बोलत नसत.

३.१० ला डांबरी रस्त्यावर मोजणी झाली. माझ्यानंतर कोणी बोललं नाही. शिट्टीनं पुन्हा एकापासून सुरुवात केली. पुन्हा ती सहावर थांबली.

आम्ही चौघं परत वर गेलो. दगडावर निळ्या दोऱ्याचा तुकडा होता, डबी नव्हती. म्हणजे ती घेऊन मास्तर निघाले होते. थोडं खाली वाटेला फाटा आहे, तो पानांखाली दिसत नाही. अंधार पडेपर्यंत हाका मारल्या.

पिशवी सोबत आणली आहे. पट्टा पक्का आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मोठ्यानं वाचला, मी ऐकला. सगळं मी सांगितलं तसंच आहे. फक्त 'पती' लिहिलं आहे तिथे प्रत्येक वेळी मी 'हे' म्हणाले होते.

सही करण्याआधी एक विनंती लिहून घ्यावी. शोधपथक पहाटेपासून मास्तरांना नावानं हाका मारतंय. मला त्यांच्याबरोबर जाऊ द्यावं. नातेवाइकांशिवाय कोणाला नेत नाहीत, आणि ज्याच्या चुकीनं झालं त्याला तर नाहीच, हे साहेबांनी दोनदा सांगितलं आहे. तरी विचारते. मी फाट्यावर उभी राहून एकापासून सहापर्यंत मोजेन आणि थांबेन. सात म्हणणार नाही.