ड्रिलला लावलेलं पातं

अगं, नळदुर्गला माझ्या माहेरी काय झालं ते ऐक. धाकट्या बहिणीच्या लग्नात मानपानावरून बिनसलं, तेव्हापासून आमचे हे आणि माझे वडील, अण्णा, एकमेकांशी बोलत नव्हते. तरी अण्णांच्या खोलीचं छत गळायला लागलं, तेव्हा वॉटरप्रूफिंगचा रंग घेऊन हेच गेले. रंग लई घट्ट, काठीनं ढवळेना. मग ह्यांनी जुन्या कूलरच्या पंख्याचं पातं सळईला वेल्डिंग करून ड्रिलला लावलं.

अण्णा गच्चीवर आले आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, हळू फिरवा."

हेही मलाच म्हणाले, "त्यांना सांग, मला कळतंय."

ड्रिल चालू केलं अन् पातं रंगात अडकलं. अख्खी बादलीच गरगर फिरली आणि रंग उडून थेट ह्यांच्या डोळ्यांत गेला.

"पाव्हणं, डोळे चोळू नका!" अण्णा ओरडले. घागर घेऊन त्यांनी स्वतः ह्यांचे डोळे धुतले. किती वेळ धुतच होते. "दिसतंय का?"

"दिसतंय, अण्णा."

डॉक्टरांनीही डोळे ठीक असल्याचं सांगितलं. घरी आल्यावर अण्णा गच्चीत स्टुलावर बसले आणि उरलेल्या रंगाची बादली त्यांनी दोन्ही पायांत घट्ट दाबून धरली.

"फिरवा आता, पाव्हणं," ते म्हणाले. "मी धरतोय."