जातो नाही, येतो

माधव नगरातल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात माझ्या बाजूला दोघी बोलत बसल्या होत्या. एक काकू, दुसरी पलीकडे कुबड्यांवर फेऱ्या मारणाऱ्या तरुणाची बहीण.

“भाऊ चांगला सावरला गं तुझा.”

“आता कुठे. ॲक्सिडेंटनंतर घरातून निघताना ‘येतो’ म्हणणंच सोडलं होतं त्यानं. ‘जातो’ म्हणायचा.”

“अगं बाई.”

“आई म्हणे, हिंदी बोलून बोलून मराठी बिघडली याची. मला नाही पटलं. सरळ विचारलं, रुचिर, जीव द्यायचं मनात येतं का?”

“असं विचारतात होय? नसेल तर डोक्यात यायचं.”

“होतंच, काकू. खूप रडला, मग बोलला. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून डॉक्टरांकडे गेलो.”

“आमचे हे तर जिन्यावरून पडल्यापासून भिंतीकडेच बघत असतात.”

“रुचिर भैया, अंदर आ जाओ,” आतून मदतनिसानं हाक मारली.

“ताई, येतो गं.”

काकू उठल्या आणि दाराजवळच्या व्हीलचेअरपाशी गेल्या.

“अहो, एक विचारू? रागवायचं नाही.”

“विचार. केव्हाचा वाट बघतोय, कुणी विचारेल म्हणून.”