पायाळू सून

सुरतेतल्या बमरोलीच्या दवाखान्यात पुष्पाबाई दुखरी कंबर धरून सून धनश्रीजवळ बसल्या होत्या, पण कान मात्र समोरच्या, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या दोघांकडे होते.

"सुपडू, मालिशनं कंबर सुटली का?"

"तेलाचा वास आहे तोवर बरं वाटतं, भो."

"मग हाडवैद्य?"

"त्यानं कडाकड मोडली. चार दिवस ताठ चाललो, पाचव्या दिवशी पुन्हा वाकडा."

"आणि इथल्या डॉक्टरीणबाई?"

"त्या हळूच दाबतात, वर घरी व्यायाम करायला लावतात. फरक आहे, पण मुंगीच्या पावलानं."

"त्यापेक्षा पायाळूची लाथ खा. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याची."

"सुरतेत पायाळू कुठं शोधू?"

"मी आहे ना, दादा," धनश्री बोलून गेली.

पुष्पाबाई तिच्याकडे वळायला गेल्या आणि कळवळल्या.

"परक्याच्या कंबरेला पाय लावशील? घरची सासू दोन वर्षं कण्हतेय, ते दिसत नाही?"

"तुम्हीच म्हणालात, सुनेची लाथ खाण्यापेक्षा वाकडी मरेन."

"म्हणाले असेन. ऊठ, घरी चल. दार लावून घे, एकच लाथ मार, आणि मनात काही ठेवून मारू नको."

"रीत पाच लाथांची आहे, आत्याबाई."